सहा पिशव्या माती

खुनाचे आणि दरोड्यांचे तपास आता माझ्या मनात एकमेकांत मिसळू लागले आहेत. कोणाचा कोयता कोणत्या विहिरीत सापडला हे सांगताना अडखळतो. सहा पिशव्या मातीचा तपास मात्र काल केल्यासारखा आठवतो, आणि आठवला की हसू येते. नावे कोणाचीच सांगणार नाही. त्यातली काही माणसे आजही मला बाजारात भेटतात आणि आग्रहाने चहा पाजतात.

सत्तरचे दशक सरत आले होते. मी भोसरीच्या बाजूच्या एका ठाण्यात फौजदार होतो. औद्योगिक वसाहतीत दर महिन्याला नवी पत्र्याची शेड उभी राहत होती. आमच्याकडे येणारी कामेही तशीच असत. सायकलचोरी, तांब्याच्या तारेची चोरी, कंपनीच्या गेटवरची बाचाबाची आणि पगाराच्या दिवशीची दारू, एवढ्यात स्टेशन डायरी भरून जाई.

वसाहतीच्या कडेला दगडाची एक जुनी खाण होती. दगड संपल्यावर तिच्यात गावाचा कचरा टाकू लागले. आठ-दहा वर्षांत खाण भरली आणि जमिनीच्या वर टेकाड आले. लोक त्या जागेला डेपो म्हणत. डेपोला लागून कामगारांची चाळ होती. पुढे कचरा टाकणे बंद झाले, टेकाडावर गवत उगवले, तेव्हा चाळीतल्या लोकांनी समिती केली आणि नगरपालिकेकडे अर्ज दिला, की येथे सार्वजनिक बाग करा.

नगरपालिकेला कल्पना आवडली. पण सभेत एका सभासदाने शंका काढली. खाणीत नुसती भाजीची देठे पडलेली नाहीत, वर्कशॉपांची घाणही पडली आहे. वर मुले खेळणार, उताराच्या विहिरीचे पाणी लोक पिणार. तेव्हा आधी जागेची तपासणी करा, मग बाग करा. अशा तपासणीला आज लांबलचक नावे आहेत आणि जाडजूड फायली असतात. तेव्हा ते प्रकरण नवीन होते. ठरले ते इतकेच, की सहा ठिकाणी खड्डे घेऊन आतली माती पिशव्यांत भरायची, पुण्याच्या एका कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक बाईंनी ती तपासायची, आणि त्यांच्या अहवालावर बागेचा निर्णय घ्यायचा.

माती काढण्याचे काम सरकारी प्रयोगशाळेतल्या एका नमुना सहायकाकडे आले. हा दापोडीचा, तिशीतला गृहस्थ. वडील कारखान्यात हमाली करून गेलेले, आईने मोलमजुरी करून शिकवलेला, घराण्यातला पहिला पदवीधर. नोकरीला तीन वर्षे झाली होती, पण अजून हंगामीच होता. त्याच्या कायम होण्याचा कागद प्रयोगशाळेच्या साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडलेला होता.

एके दिवशी तेच साहेब जीपने आमच्या ठाण्यात आले आणि प्राध्यापक बाईंचे पत्र माझ्यापुढे टाकले. बाईंनी लिहिले होते, की सहाही पिशव्यांतली माती उत्तम आहे. तीत काच नाही, खापर नाही, चिंधी नाही. दाणा एकसारखा आहे, शेणखताचा अंश आहे. ही माती कचऱ्याच्या खाणीतली असणे शक्य नाही.

साहेब म्हणाले, "सहायकाने कोणाकडून तरी पैसे खाऊन नमुने बदलले आहेत. तुमचा अहवाल आला, की त्याला काढून टाकतो."

ते गेल्यावर माझे हवालदार बराच वेळ पत्राकडे पाहत राहिले. मावळातले जुने गृहस्थ, निवृत्तीला दोन वर्षे राहिलेली. मग म्हणाले, "साहेब, माती चांगली निघाली म्हणून फिर्याद? नोकरीत हे बघायचं राहिलं होतं."

मी पुण्याहून पिशव्या मागवून मुद्देमालात जमा केल्या आणि सहायकाला जबाबासाठी बोलावले. इस्त्रीचा सदरा घालून तो खुर्चीच्या टोकावर बसला. पिशव्या शनिवारी भरल्या, सोमवारी जीपने पुण्याला नेल्या, मधल्या वेळात त्या आपल्या घरी आपल्याच ताब्यात होत्या, असे त्याने सांगितले. कोठे ठेवल्या होत्या विचारले तर म्हणाला, खाटेखाली, ट्रंकेच्या उजव्या बाजूला, तीन पुढे आणि तीन मागे, वर गोणपाट टाकले होते.

खोटे बोलणारा डोळे चुकवतो असे लोक समजतात. सराईत माणूस खुशाल डोळ्याला डोळा भिडवतो. साधा माणूस खोटे बोलतो तेव्हा मात्र न विचारलेला तपशील देतो. ट्रंकेची उजवी बाजू ऐकली तेव्हाच मी ओळखले, की पिशव्या त्याच्या घरी गेलेल्याच नाहीत. पण त्यापुढे तो एक शब्द बोलेना.

त्याच आठवड्यात खबर आली. बस थांब्याजवळच्या चहावाल्याने हवालदारांच्या कानात सांगितले, की माती काढण्याच्या आदल्या दिवशी सहायक आणि एक प्लेटिंगवाला शेठ त्याच्या टपरीवर अर्धा तास बोलत बसले होते. या शेठचा लहानसा प्लेटिंगचा, म्हणजे धातूवर मुलामा चढवण्याचा, कारखाना होता आणि तिथला गाळ वर्षानुवर्षे डेपोच्या उत्तर कोपऱ्यात जात असे. आता धागा हातात आला असे मला वाटले. मी शेठला बोलावून घेतले.

शेठ आले, घाम पुसला, पाणी मागितले आणि मी काही विचारायच्या आत बोलू लागले. "भेटलो होतो, साहेब. नाकारत नाही. म्हटलं, उत्तरेचा कोपरा तेवढा सोडा. तो म्हणाला, नकाशात आहे तिथं खणणार. वर स्वतःच्या चहाचे पैसे स्वतः दिले. मला इतकं वाईट वाटलं!"

"मग माती बदलली कोणी?"

"साहेब, तुम्ही शिकलेले आहात. मला बदलायची असती तर मी माझ्या कोपऱ्याची एक पिशवी बदलली असती. बाकीच्या पाचांशी माझा काय संबंध? गावाचा कचरा मी कशाला झाकू?"

हिशेब बरोबर होता. बरे, स्वतःचा गाळ तिथे पडतो हे त्यांनी आपणहून सांगून टाकले होते. आठवडाभर मी साप साप म्हणून भुई धोपटत होतो. शेठना चहा देऊन परत पाठवले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीच्या वेळी सहायकाची आई ठाण्यात आली. स्वच्छ पांढरे लुगडे, हातात कापडी पिशवी. ठाणे अंमलदार तिला बाकावर बसवत होता, पण ती उभीच राहिली. मला म्हणाली, "साहेब, माझा पोरगा चुकला असंल, पण इकला गेलेला न्हाई. त्यो दोन रात्री जेवला न्हाई. काय चुकला त्ये तुमी त्याला ओरडून इचारू नका. बसवून इचारा."

मी सहायकाला पुन्हा बोलावले. या वेळी टेबलाच्या पलीकडे न बसता शेजारी खुर्ची ओढून बसलो आणि विचारले, पिशव्या कोठे होत्या? त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले. मग सगळे सांगितले. शनिवारी जीप आलीच नाही. सहा जड पिशव्या घेऊन कंडक्टर बसमध्ये चढू देईना. शेवटी चाळीच्या वाचनालयात त्या ठेवल्या आणि समितीच्या अध्यक्षांना लक्ष ठेवायला सांगितले. सोमवारी जीप आली तेव्हा तिथूनच उचलल्या.

"नमुना ताब्याबाहेर जाऊ द्यायचा नाही, हा आमचा पहिला नियम आहे साहेब. हे कळलं तर कायम कोण करणार मला? म्हणून घरी होत्या असं बोललो. एकदा बोललो आणि मग मागे फिरता येईना."

म्हणजे भानगड चाळीत होती. मी आणि हवालदार तिथे गेलो. दिवसपाळीची माणसे कामावर होती, समितीचे अध्यक्षही; बाकीची घरी. एकेक दार घेऊन विचारले, "पिशव्यांतली माती कोणी बदलली?" सगळ्यांचे उत्तर एकच. न्हाई साहेब, कुणीच न्हाई. सतरा दारांवर विचारले. कोणाचा चेहरा उतरला नाही, कोणी अडखळले नाही. इतकी माणसे एकाच वेळी इतक्या सफाईने खोटे बोलू शकत नाहीत, हे मला अनुभवाने ठाऊक होते. मी चक्रावून ठाण्यात परतलो.

हवालदारांनी मुद्देमालातली एक पिशवी काढून टेबलावर ठेवली आणि चष्मा पुसून तिच्या तोंडाकडे पाहू लागले. "साहेब, सहायकानं पिशव्या कशानं बांधल्या होत्या?"

मी जबाब उलटून पाहिला. सुतळीने.

"ही तार आहे. पकडीनं पीळ दिलाय, आणि टोक बघा, आत वळवलंय. उचलणाऱ्याच्या हाताला लागू नये म्हणून. चोर इतकी काळजी घेत नाही. हे माल पाठवणाऱ्याचं काम आहे."

आम्ही ती पिशवी घेऊन तसेच उलट पावली चाळीत गेलो. समितीचे अध्यक्ष पहिल्या पाळीवरून नुकतेच आले होते. हे मूळचे भोसरी गावचे, पन्नाशी उलटलेले, एका फाउंड्रीत साचे बनवणारे मिस्त्री. ओट्यावर बसून पाय धूत होते. माझ्या हातातली पिशवी पाहिली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"आली का पास होऊन?" त्यांनी विचारले.

मी पिशवी ओट्यावर ठेवली. मग म्हणालो, "ही पिशवी तुम्ही बांधली?"

"मग दुसरं कोण बांधणार? सहायकसाहेबांनी सुतळी गुंडाळलेली, निम्मी सुटलेली. आसला माल गेटवरनंच माघारी येतो. बसा की. अगं, साहेबांना च्या टाक."

"आणि आतली माती?"

मिस्त्री आता रंगात आले. "आवो, उघडून बघितलं तर काचा, खापऱ्या, चपलेचा अंगठा! म्हटलं, ह्ये सॅम्पल म्हनून पाठवनार? आमच्या कारखान्याचं सॅम्पल मोठ्या कंपनीत जातं, तवा भट्टीतनं निघालं तसं पाठवतो व्हय आमी? कड काढायची, घासायचं, तेलाचा हात फिरवायचा, कागदात गुंडाळायचं. सॅम्पल पास झालं तरच आर्डर. ह्ये पोरगं पडलं सरकारी, त्याला कुठनं ठावं आसनार? आईतवारी सुट्टी व्हती. वाळूची चाळन आनली, समद्यांनी हात लावला, सहाच्या सहा पिशव्या चाळून काढल्या."

हवालदार भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

"आणि शेणखत कुठून आले?"

"चाळल्यावर पिशवीत मूठभर उरंना. वजनाला कमी भरली तर माल रिजेक्ट. मग चाकनला मेव्हन्याच्या कांद्याच्या रानातनं दोन पोती आनली आन भर घातली. लई झाक माती हाय."

मी डोक्याला हात लावला. "अहो मिस्त्री, सकाळी दारोदार विचारत होतो, तेव्हा एकानेही का सांगितले नाही?"

"तुमी इचारलं माती कुनी बदलली. बदलली कुनी? साफ केली!"

रविवारच्या उजेडात, अख्ख्या चाळीसमोर, चहा पीत पीत हे काम झाले होते. कोणाला त्यात लपवण्यासारखे काही वाटले नव्हते, म्हणून कोणी लपवलेही नव्हते. आणि मी मात्र लाचेच्या मागे प्लेटिंगवाल्यापर्यंत जाऊन आलो होतो.

"चाळून निघालेले कोठे आहे?" मी विचारले. फेकले असेल अशी माझी खात्री होती.

मिस्त्रींना प्रश्नच विचित्र वाटला. "स्क्रॅप फेकत्यात व्हय?" ते आत गेले आणि वनस्पती तुपाचे सहा रिकामे डबे एकामागून एक आणून ठेवले. प्रत्येकावर खडूने आकडा घातलेला. ज्या पिशवीचे त्याच डब्यात. पाच डब्यांत काचा, खिळे, खापऱ्या, रबर. सहाव्यात मोरचुदासारखे हिरवे-निळे खडे होते. ते उत्तर कोपऱ्याचे.

तोवर ओट्याभोवती चाळ जमली होती. मी सहायकाची गोष्ट त्यांना सांगितली. त्याच्यावर लाचेचा आरोप आहे, या महिन्यात त्याची नोकरी जाईल, आणि कारण आहे ही साफ केलेली माती. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असे त्या सगळ्यांचे झाले. मिस्त्रींच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

मग गर्दीतून एक जण हळूच म्हणाला, "साहेब, ते हिरवे खडे वर गेले की बाग गेली. पाच वर्षं अर्ज करतोय राव आम्ही. डब्यांचं नका ना लिहू."

त्याचे खोटे नव्हते. मिस्त्रींनी जबाब दिला तर सहायक वाचणार होता, पण बाग जाण्याची भीती होती. मी मिस्त्रींकडे पाहिले. कायद्याने मी डबे जप्त करणारच होतो, पण ही गोष्ट त्यांनी स्वतः सांगायला हवी होती.

मिस्त्री उठले. "त्या पोराची नोकरी जायाची आन आपली पोरं झोपाळ्यावर बसायची? न्हाई जमायचं. साहेब, लिवा. चाळन माझी, हात माझा." आणि ज्याने डब्यांची गोष्ट काढली होती त्याच्याच हातात त्यांनी सहावा डबा दिला. "धर. पंच म्हनून तूच सही कर."

असा पंचनामा मी दुसरा केला नाही. मिस्त्री प्रत्येक डब्यातला माल मोजून सांगत होते आणि माझ्या लेखनिकाची चूक काढत होते. तिसऱ्या डब्यात चपलेचा अंगठा एक नसून दोन आहेत, हे त्यांनी दुरुस्त करून घेतले.

डबे पुण्याला गेले तेव्हा प्राध्यापक बाईंना हसू आवरेना. इतका व्यवस्थित निवडलेला कचरा मला आयुष्यात कोणी दिला नाही, असे त्या म्हणाल्या. पण नियम तो नियम. नमुने पुन्हा घ्यायचे ठरले. बाईंनी अट घातली, की माती याच सहायकाने काढायची. त्या स्वतः आल्या, मी बंदोबस्ताला होतो, चाळ बघायला होती. मिस्त्री हात पाठीमागे बांधून खड्ड्याशी उभे होते. दुसऱ्या पिशवीत वरच बाटलीचा मोठा तुकडा दिसला आणि त्यांना राहवेना.

"बाई, त्येवढा एक काढू का?"

"नाही!" असे आम्ही सगळे एकदम ओरडलो.

निकाल चाळीला वाटला होता तितका वाईट आला नाही. पाच ठिकाणी वर दोन हात चांगल्या मातीचा थर दिला तर बाग चालेल, आतला वायू बाहेर पडायला नळ्या बसवा, विहिरीचे पाणी पिऊ नका, आणि उत्तर कोपरा मात्र खणून पूर्ण साफ करा, असे बाईंनी लिहिले. ते खडे मुलांच्या पोटात गेले असते तर काय झाले असते, हेही त्यांनी चाळीत येऊन समजावून सांगितले. डब्यांचे लिहू नका म्हणणारा गृहस्थ ते ऐकताना आपल्या मुलीचा हात घट्ट धरून उभा होता. कोपरा शेठच्या खर्चाने साफ झाला. बाग व्हायला पुढे दोन वर्षे लागली, पण झाली. वरच्या थराची माती कुठली आणायची यावर चर्चा झालीच नाही. चाकणच्या मेव्हण्याचे नाव आधीच पास झालेले होते.

माझ्या कामातला अहवाल तेवढा राहिला होता. लाच नाही, गुन्ह्याचा हेतू नाही, हे लिहिणे सोपे होते. प्रश्न होता त्या शनिवार-सोमवारचा. पिशव्या ताबा सोडून वाचनालयात ठेवल्या आणि जबाबात घरी होत्या असे खोटे सांगितले, हे लिहिले तर कायम होण्याचा कागद साहेबांच्या टेबलावरून कधीच हलला नसता. पोरगा मला आवडला होता. त्याच्या आईचे उभे राहणे डोळ्यांपुढे होते. मी त्याला बोलावले आणि म्हणालो, "पहिल्या जबाबाचा उल्लेख मी गाळतो. पिशव्या 'समितीच्या देखरेखीखाली' होत्या, एवढेच लिहितो. खोटे काही नाही त्यात."

त्याने मसुदा वाचला, घडी केली आणि परत माझ्यापुढे ठेवला.

"साहेब," तो म्हणाला, "आता तुम्हीपण चाळायला लागलात का?"

मला लाज वाटली. आणि त्या लाजेतच बरेचसे समजले. वरिष्ठांची वार्षिक तपासणी आली, की आम्हीही ठाण्याला चुना देत होतो, कुंडीतले दगड रंगवत होतो आणि न लागलेल्या गुन्ह्यांची फाईल कपाटाच्या तळाशी ठेवत होतो. दुष्ट माणूस सत्य लपवतो, ते शोधायला आम्हाला शिकवलेले असते. पण भली माणसे प्रेमापोटी, अब्रूपोटी, कामाच्या सवयीने सत्य घासूनपुसून पुढे करतात, आणि ते ओळखायला कोणी शिकवत नाही. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी साक्षीदाराला एक वेगळा प्रश्न विचारत आलो. तुम्ही काय पाहिले हे झाल्यावर विचारायचो, सांगताना काय काढून ठेवलेत?

अहवाल मी होता तसा लिहिला. खोटा जबाबसुद्धा त्यात घातला, आणि तो त्याने स्वतः मागे घेतला हेही घातले. पाठवल्यावर मला दोन-तीन दिवस नीट झोप लागली नाही.

महिन्याभराने तो ठाण्यात आला. बरोबर आई होती, आणि या वेळी ती आल्याआल्या बाकावर बसली. त्याच्या हातात दोन कागद होते. एक ताकिदीचा आणि एक कायम झाल्याचा. त्याने मला ताकिदीचा कागद आधी दाखवला.